घराला शिशाचा ॲप्रन

रेडिएशन या विषयावर मला कोणी काही शिकवायला येऊ नये! मी रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात तंत्रज्ञ आहे. लोकांच्या बरगड्या, गुडघे आणि त्यांच्या पोरांनी गिळलेली बटणं यांचे फोटो काढण्यात माझी हयात गेली. ‘श्वास घ्या... रोखा... सोडा!’ हे मी इतक्या वेळा म्हटलंय, की घरात बायको चिडली तरी माझ्या तोंडून आपोआप तेच निघतं. मग ती आणखी चिडते.

त्यामुळे मोबाइलपासून घराला वाचवायची मोहीम मी हाती घेतली, तेव्हा ती फसेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. बायकोच्या आलं होतं. तिने तसं तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. पण ती बालवाडीत शिकवते. समोरचा मूर्खपणाच करणार असं गृहीत धरूनच तिचा दिवस सुरू होतो, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही.

आग लावली ती तळमजल्यावरच्या पोस्टमास्तरांनी. निवृत्त झाल्यापासून टपाल पुढे धाडायची हौस ते फोनवर भागवतात. एका सकाळी त्यांनी मला एका लालभडक मेंदूचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं होतं, ‘फोन कानाला लावणे म्हणजे भट्टीत डोके घालणे! ताबडतोब सर्वांना पाठवा!’

मी फोनवरून नजर उचलली आणि घराकडे पाहिलं. आमचे चिरंजीव फोन गालाखाली घेऊन पालथे झोपले होते. बायको फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून भांडी विसळत होती. माझा स्वतःचा फोन शर्टाच्या खिशात, बरोबर हृदयावर. म्हटलं, दिवसभर लोकांना किरणांपासून जपणारा माणूस मी, आणि माझ्याच घरात हा कारभार?

त्याच दिवशी मी आमच्या विभागाच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “हे बघा, एक्स-रे वेगळा आणि फोनच्या लहरी वेगळ्या. फोनच्या लहरी खूप सौम्य असतात. त्यांनी आजार होतो असं अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. अभ्यास चालू आहेत. पण काळजी घ्यायला हरकत नाही. मोघम घाबरण्यापेक्षा साध्या गोष्टी करा. थोडक्यात बोला, स्पीकर किंवा इअरफोन वापरा, झोपताना उशाशी फोन नको. पण एक लक्षात ठेवा...”

तेवढ्यात मनगट मोडलेले एक गृहस्थ विव्हळत आत आले आणि मी पळालो. ते एक काय लक्षात ठेवायचं, ते राहूनच गेलं. म्हटलं, एवढं ऐकलं ते पुरे आहे!

आमच्या धंद्यात किरणांपासून वाचायचे तीन नियम असतात. वेळ कमी, अंतर जास्त आणि मध्ये आडोसा. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी पहिले दोन जाहीर केले. लांबलचक बोलायचं नाही, स्पीकर लावायचा, फोन उशाखाली ठेवायचा नाही. मला वाटलं, घरात बंड होईल. बायको म्हणाली, “बरं.” चिरंजीव म्हणाले, “चालेल.” झालं! मोहीम संपली!

हे काही मला पटेना. इतक्या सुखासुखी पार पडते ती कसली मोहीम? म्हणून मी तिसऱ्या नियमाला हात घातला.

एक्स-रे काढताना आम्ही अंगात शिशाचा ॲप्रन घालतो. त्याला आतून तडा गेला की तो बाद होतो. असा एक बाद ॲप्रन आमच्या स्टोअरमध्ये धूळ खात पडला होता. रीतसर परवानगी काढून मी तो घरी आणला. ॲप्रन कसला, मेलेलं अस्वल! जिना चढेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले.

“हे काय उचलून आणलंत?” बायकोने दारातच विचारलं.

“आडोसा.”

“कोणासाठी?”

“फोनसाठी! घरी आलं की सगळ्यांनी आपापला फोन या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा, झाकण लावायचं आणि वर हा ॲप्रन. बाहेर पडताना काढून घ्यायचा.”

“आणि कोणाचा फोन आला तर?”

“येणारच नाही! तेच तर संरक्षण!”

बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बालवाडीत असतो तर मला कोपऱ्यात उभं केलं असतं. वायफायचा डबा मी बंद केला तेव्हाही तिने तसंच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला आणि मी थक्कच झालो. तिन्ही फोन चांगले गरम! आणि बॅटऱ्या संपलेल्या! रात्री भरलेल्या बॅटऱ्या नुसत्या पडून राहून सकाळी पार रिकाम्या!

“बघितलंस?” मी विजयाने ओरडलो. “किती विष भरलंय यांच्यात! आतल्या आत खदखदतायत!”

“अहो, आधी कधी तापत नव्हते हो.”

“आधी तू बघत नव्हतीस!”

पोस्टमास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, “अरे बापरे!” आणि ही बातमी त्यांनी तिथल्या तिथे सर्वांना पाठवून दिली.

बायको मात्र रोज सकाळी मेलेला फोन पर्समध्ये टाकून बालवाडीत जायची आणि तिथे चार्ज करायची. माझ्याशी बोलणं तिने ‘हं’ आणि ‘असू दे’ यावर आणून ठेवलं होतं. चिरंजीवांचं कळायला मार्ग नव्हता, कारण ते एरवीही तेवढंच बोलतात. चष्म्याच्या दुकानात ते लोकांचे डोळे तपासतात. ‘हे स्पष्ट की ते?’ एवढे चार शब्द दिवसभर म्हटले की त्यांचं बोलणं संपतं. तिशी उलटली तरी स्वतःहून एक वाक्य त्यांनी कधी पुरं केलेलं मी ऐकलं नव्हतं.

म्हणून त्या आठवड्यात एकदा ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि बोलायला लागले, तेव्हा मी हातातला पेपर खाली ठेवला.

“बाबा, शनिवारी दुपारी मला घरी फोन लागेल.”

“कशाला?”

“एक फोन यायचाय.”

“कोणाचा?”

चिरंजीव लाल झाले. मग स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बाहेर आली आणि सगळं तिनेच सांगितलं. तिला सगळं ठाऊक होतं! दुकानासमोरच्या बँकेत एक मुलगी आहे. चष्मा करायला आली, मग तो सैल होतो म्हणून आली, मग घट्ट होतो म्हणून आली. वर्षभर तो चष्मा काही केल्या बसेना! शेवटी दोघांचं जमलं. आणि आता तिची बदली निघाली होती. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, तीन वर्षांसाठी. जायचं की नाही, हे तिला शनिवारी ऑफिस सुटायच्या आत साहेबांना कळवायचं होतं. त्याआधी दुपारी ती चिरंजीवांना फोन करणार होती. काहीतरी विचारायचंय म्हणाली होती.

“आणि तो फोन चुकला तर?” मी विचारलं.

“तर ती जाईल,” चिरंजीव म्हणाले. एवढंच. पण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. गुडघा मोडलेले लोक टेबलावर चढताना असे बोलतात.

“शनिवारी तुझा फोन डब्याबाहेर राहील,” मी जाहीर केलं. “बापाचा शब्द आहे!”

आता इथे वाचकांनी माझी बाजू समजून घ्यावी. शनिवारी माझी सुट्टी होती. बायको बालवाडीत, चिरंजीव दुपारपर्यंत दुकानात. मी घरात एकटा, आणि पोराच्या काळजीने भरून आलेलो. म्हटलं, आज पोरगं बराच वेळ बोलणार. आयुष्याचा प्रश्न आहे, थोडक्यात बोल असं कसं सांगायचं? पहिला नियम गेला. जीव तिच्यात अडकलाय म्हटल्यावर फोन कानापासून लांब धरायचा नाही. दुसरा नियम गेला. मग उरला तिसराच! फोनचा मारा चुकवता येत नसेल तर निदान समोरच्या टॉवरचा तरी चुकवावा!

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे आणि तो थेट आमच्या खिडक्यांत डोकावतो. मी दुकानातून चंदेरी फॉइलचे रोल आणले. सकाळभर स्टुलावर चढून एकेक खिडकी, गॅलरीचं दार, न्हाणीघराची झडपसुद्धा झाकून चिकटपट्टी मारली. चिरंजीवांच्या खोलीपर्यंत पोचलो आणि फॉइल संपलं. मग तिथल्या, बाहेरच्या खोलीतूनही समोर दिसणाऱ्या खिडकीत पडद्याच्या दांडीवर तो ॲप्रन चढवला. दांडी वाकली, पण टिकली. टॉवरकडे बघून मी मनात म्हटलं, ये आता!

दुपारी बायको घरात शिरली आणि उंबऱ्यातच थबकली.

“हे घर आहे की चॉकलेट? किती गुंडाळाल?”

“पोरासाठी केलंय!”

“पोरासाठी काहीच न करता एक दिवस राहून बघा ना. माझ्यासाठी!”

चिरंजीव आले. हात धुतले, केस विंचरले. फोनवर बोलायचं तर केस कशाला विंचरायचे? त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि समोर खुर्ची टाकून बसले. मीही त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो.

दुपार सरकू लागली. फोन गप्प. चिरंजीव पाणी प्यायले. फोन गप्प. मी पाणी प्यायलो. फोन गप्प. थोड्या वेळाने त्यांनी फोनला हात लावला आणि म्हणाले, “तापलाय.”

“तोही उतावीळ झालाय!” मी थट्टा केली. कोणी हसलं नाही.

हळूहळू चिरंजीवांचे खांदे खाली यायला लागले. आधी ते ताठ बसले होते, मग टेकून, मग टेबलावर हनुवटी ठेवून. मला त्या मुलीचा संताप आला. अगं, नाही म्हणायचं तर नाही म्हण, पण फोन तरी कर! माझ्या पोराने वर्षभर तुझ्या चष्म्याच्या काड्या वाकवल्या, त्याची काही किंमत?

“कामात असेल,” मी म्हटलं.

“नाही बाबा. ठरलंय तिचं.” चिरंजीव उठले. “जाऊ दे.”

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दूध आणायला खाली गेलेली बायको धापा टाकत आत आली.

“तुमच्या दोघांचे फोन बंद का आहेत? साखर आहे का विचारायला खालून किती वेळ फोन लावतेय! ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’! माझा मुलगा स्वतःच्या घरात बसून संपर्क क्षेत्राच्या बाहेर?”

आम्ही तिघांनीही एकदमच ॲप्रनकडे पाहिलं.

मग जो गोंधळ उडाला! चिरंजीवांनी फोनवर झडप घातली. रेंजची एकही काडी नाही! ते गॅलरीच्या दाराकडे धावले, पण दार मीच चिकटपट्टीने हवाबंद केलेलं! ते ओढतायत, फॉइल टराटरा फाटतंय आणि दार जागचं हलत नाही. “जिन्यात जा!” बायको ओरडली. ते जिन्याकडे वळले, तोच फोनने एक करुण आवाज काढला आणि मान टाकली. बॅटरी खलास! दुपारभर नुसता टेबलावर पडून!

“माझ्या फोनवरून लाव तिला!” बायको म्हणाली.

“नंबर?” चिरंजीव म्हणाले.

“म्हणजे? पाठ नाही?”

“फोनमध्ये आहे.”

मला म्हणायचं होतं, की आमच्या वेळी नंबर पाठ असायचे. पण बायकोचा चेहरा बघून मी श्वास घेतला आणि रोखला.

चिरंजीवांनी मेलेला फोन चार्जरला लावला आणि त्याच्यासमोर येरझारा घालायला लागले. आपणच केलंय तर आपणच निस्तरावं, म्हणून मी स्टुलावर चढून ॲप्रन उतरवायला लागलो. पण ते धूड हातात पेलेना. वाकलेली दांडी निसटायच्या बेतात! ॲप्रन उतरवायची मला एकच पद्धत ठाऊक आहे, ती म्हणजे अंगात घालायची. मी त्यात डोकं घातलं, हात घातले आणि सवयीने पाठीमागचे बंद गच्च आवळून गाठ मारली.

त्याच क्षणी बेल वाजली.

बायकोने दार उघडलं. दारात एक मुलगी उभी. केस विस्कटलेले, श्वास फुललेला, नाकावर चष्मा. अगदी व्यवस्थित बसलेला!

“काय झालंय?” तिने थेट विचारलं. “दुपारपासून फोन लावतेय. बंद, बंद, बंद! मला वाटलं, कोणाला काही...”

आणि मग तिने आत पाहिलं. तिच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं, मला कल्पना नाही. फाटक्या चंदेरी पताका लोंबणाऱ्या घरात तिचे होणारे सासरे शिशाचं चिलखत घालून स्टुलावर उभे होते आणि हातात पडद्याची दांडी होती.

“या, या,” मी म्हटलं. “बसा.”

“काका... ठीक आहात ना?”

“हे रेडिएशनसाठी आहे,” मी समजावलं. ते ऐकून ती एक पाऊल मागे सरकली.

“तू त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस,” बायको म्हणाली. “आम्ही कोणीच देत नाही. तुझ्या साहेबांना कळवलंस का?”

मुलगी घड्याळाकडे बघून दचकली. “अगं बाई! ऑफिस सुटेल आता!” तिने पर्समधून फोन काढला, दाबला, कानाला लावला, पुन्हा दाबला. “इथे रेंज कशी नाही?”

बायकोने नुसतं फॉइलकडे बोट दाखवलं.

“गच्चीत चल!” हे चिरंजीव बोलले! स्वतःहून! ती वळली, ते तिच्यामागे, बायको त्यांच्यामागे, आणि सगळ्यांच्या शेवटी मी. ॲप्रन सोडायला गेलो तर पाठीमागची गाठ हाताला येईना. म्हणून तसाच निघालो. त्या वजनाने प्रत्येक पायरी माझ्या गुडघ्यांना विचारत होती, काही गरज होती का? वरच्या वळणावरून ती दोघं थांबून काहीतरी बोलल्याचं कानावर आलं. तिने काही विचारलं, त्याने काही उत्तर दिलं. पण माझ्या स्वतःच्या धापांपुढे मला एक अक्षर कळलं नाही.

गच्चीवर पोचलो तर तिथे टॉवरकडे तोंड करून, खुर्ची टाकून कोण बसलं होतं? पोस्टमास्तर! फोन अगदी नाकाला टेकलेला.

“या या!” ते म्हणाले. “इथे रेंज फक्कड येते हो! रेडिएशनचा नवीन संदेश आलाय, पाठवतोय सगळ्यांना.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्यांना काही बोलायला छातीत हवाच नव्हती. कठड्यापाशी ती मुलगी फोनवर बोलत होती आणि ते मात्र मला लख्ख ऐकू आलं.

“हो साहेब. नक्की. मी बदली घेते.”

संपलं! तीन वर्षं! पोरगं आयुष्यात एकदा बोलायला तयार झालं आणि बापाने त्याच्या तोंडावर शिसं ओतलं! मी त्या जड चिलखतासकट तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि हातच जोडले.

“मुली, असं करू नकोस! त्याची काही चूक नाही. तो दुपारपासून... केस विंचरून बसला होता गं! सगळं मी केलंय. मी मूर्ख आहे, हिला विचार! सगळं फॉइल आत्ता फाडतो, डबा फेकून देतो, पण त्याला सोडून जाऊ नकोस!”

तिने फोनवर हात ठेवला. “काका, एक मिनिट हं.” आणि पुन्हा फोन कानाला लावून म्हणाली, “साहेब, पण हजर व्हायला मला आठवडाभर उशीर होईल. लग्न आहे माझं.”

मी चिरंजीवांकडे पाहिलं. ते कानापर्यंत हसत होते.

“तिने विचारलं, येशील का माझ्याबरोबर,” ते म्हणाले. “मी म्हटलं, चष्मे तिकडेही लागतात लोकांना.”

केवढं मोठं वाक्य! आणि पूर्ण! बायको रडायला लागली. पोस्टमास्तरांनी ती बातमी सर्वांना पाठवली. मी आनंदाने दोघांना मिठी मारायला गेलो, पण मुलगी घाईघाईने म्हणाली, “काका, आधी ते काढा.”

ॲप्रनची गाठ शेवटी कात्रीने कापावी लागली.

सोमवारी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, की त्या दिवशी ते एक काय लक्षात ठेवायचं होतं? त्या म्हणाल्या, “हेच, की फोन झाकू नका. टॉवर सापडला नाही, की तो आणखी जोर लावून शोधतो. मग तापतो, बॅटरी जाते आणि लहरी उलट जास्त बाहेर पडतात. रेंज नसेल तिथे बोलूच नये. का हो? घरी काही केलंत की काय?”

“छे छे,” मी म्हटलं. “शेजाऱ्यांना सांगायचं होतं.”

आता घर मोकळं झालंय. फॉइल गेलं, डबा गेला, आणि चिरंजीवही गेले. रविवारी त्यांचा फोन येतो. सून सगळं सांगते, चिरंजीवसुद्धा हल्ली चार-पाच वाक्यं बोलतात. मी आधीपासूनच गॅलरीत, टॉवरच्या अगदी समोर, रेंज सर्वांत चांगली असते त्या कोपऱ्यात फोन घेऊन उभा असतो आणि एकदा तो वाजला की कानाला जो चिकटवतो, तो कान लाल होईपर्यंत काढत नाही.

“अहो, स्पीकर लावा की!” बायको आतून ओरडते. “डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?”

तिचं अगदी बरोबर आहे. पण स्पीकर लावला, की सगळं तीच बोलते हो!